चरकाचा तोरा आणि मेगरचा काटा

यंत्रांना अजून वाचा होती, तेव्हाची गोष्ट. एका रसवंतीत विजेवर चालणारा उसाचा चरक होता आणि गळ्यातल्या घुंगरांमुळे त्याचा तोरा भारी होता. हंगामाच्या पहिल्या दिवशी वायरमनने तिथे मेगर आणला. वायरीवरचं आवरण शाबूत आहे की नाही, हे सांगणं मेगरचं काम. वायरमनने एक चिमटा केबलच्या तांब्याला लावला, दुसरा चरकाच्या लोखंडाला, आणि हँडल गरागरा फिरवलं. काटा शून्यावर पडला.

“पुन्हा एकदा बघू,” म्हणत वायरमन चिमटे घट्ट करू लागला. तेवढ्यात चरक मेगरवर उखडला.

“बाहेर गिऱ्हाईक खोळंबलंय आणि तू शून्य दाखवतोस? काटा वर घे!”

“नाही घेणार. उंदरांनी केबल कुरतडलीय. वीज तुझ्या अंगात उतरेल.”

“उतरू दे! मी लोखंडाचा. मला काय होतंय? काटा वर घे, नाहीतर तुला भंगारात घालायला लावीन.”

“खुशाल लाव. भंगारात जाईन, पण खोटं दाखवणार नाही. आणि हे मी तुझ्यासाठी करतोय, असं तुला कुणी सांगितलं?”

“मग कुणासाठी?”

रसवंतीच्या मालकीण द्वारकाबाई अनवाणीच आत आल्या. त्यांनी ओलं फडकं पिळलं आणि नेहमीसारखा चरक मायेने पुसून काढला.

वायरमनने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि पुन्हा हँडलला हात घातला.

तेव्हा चरक हळूच म्हणाला, “शून्यच दाखव रे बाबा.”