बेचाळीस होकार

"मग चुकलं कुठं, अक्का? माझ्यात की पोरांत?"

मन्मथ बिरादार गुरुजींनी हे मठाच्या ओट्यावर टेकायच्या आधीच विचारलं. सातवीला गणित शिकवणारा माणूस, जिल्ह्याचा आदर्श शिक्षक. पुरस्कार घेतानाचा फोटो त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर लावला होता, म्हणजे कोणी नुसती वेळ विचारली तरी तो दाखवता यायचा.

अक्का मठात एकट्याच राहत. वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी हातानंच बसायची खूण केली.

गुरुजींनी सगळं सांगून टाकलं. अपूर्णांक त्यांनी चार तऱ्हांनी शिकवले होते. फळ्यावर, भाकरीचे तुकडे करून, कागदाच्या घड्या घालून, आणि शेवटी वर्गातल्या नव्या स्क्रीनवर रंगीत व्हिडिओ लावून. दरवेळी विचारलं, समजलं का? बेचाळीस पोरं एका सुरात म्हणाली, हो सर.

मग वरून चाचणी आली. एक छेद दोन मोठा की एक छेद चार? एकोणतीस जणांनी एक छेद चार लिहिलं. दोनापेक्षा चार मोठे, म्हणून. हीच पोरं दुकानातून पाव किलो साखर मात्र बरोबर आणतात.

"तोंडावर खोटं बोलतात, अक्का."

त्यांनी खिशातून कागद काढला. राजीनामा होता. सोमवारी द्यायचा होता. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. शिकवण्यावाचून दुसरं काही त्यांना येत नव्हतं, आणि आता तेही येत नाही असं वाटू लागलं होतं.

अक्कांनी कागद वाचला नाही. म्हणाल्या, आधी मनाबद्दल दोन गोष्टी ऐका, मग काय करायचं ते करा.

गुरुजी हात जोडून सरसावून बसले.

"मन साडेतीन असतं. त्यातलं अर्धं उंबऱ्यावर बसतं, म्हणून बाहेरच्या दोघांना आठवं दिसत नाही. समजलं?"

"हो, अक्का."

"आणि जे उरतं, ते आधीच्यात मिसळलं की पहिलं दुसऱ्याच्या मागं उभं राहतं. समजलं?"

"हो, अक्का."

गुरुजींनी मानही डोलावली. चांगली दोनदा.

"काय समजलं, तेवढं सांगा."

"मन... म्हणजे उंबरा... आणि ते आठवं..."

अक्का वाती वळत वाट बघत राहिल्या. घाई त्यांना नव्हतीच. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"नाही समजलं, अक्का. एक अक्षर नाही."

"मग दोनदा हो का म्हणालात?"

"आता तुमच्यापुढं नाही कसं म्हणायचं..."

वाक्य तिथंच अडलं. स्वतःच्याच तोंडाकडं बघता आलं असतं तर बघत राहिले असते, असा गुरुजींचा चेहरा झाला. मग ते हसू लागले. आधी हळू, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आठवड्याभरात पहिल्यांदाच त्यांना मोकळा श्वास घेता आला. पोरं खोटारडी नव्हती. आणि गुरुजींचं स्वतःचंही सगळं संपलेलं नव्हतं.

राजीनाम्याचा कागद त्यांनी उलटा केला. मागची बाजू कोरी होती. पेन काढून ते मांडी घालून बसले, आणि त्यांनी शाळकरी पोरासारखं भाबडेपणानं विचारलं, "अक्का, पण ते मन साडेतीन कसं? मला खरंच नाही कळलं."

"मला तरी कुठं कळलंय?"

अक्कांनी कापसाचं टोपलं बाजूला सारून दोघांत जागा केली.

"बसा, गुरुजी. शाळा आत्ता भरली."