धुरपाबाईची पहार

फार वर्षांपूर्वी, काळखडी गावाला एकच विहीर होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात धुरपाबाई नावाची लोहारीण होती. नवरा वारल्यावर भाता आणि घण तिनंच सांभाळला. असं म्हणतात, की तिला लोखंडाच्या पोटातलं दिसायचं.

एका उन्हाळ्यात दुसरी विहीर खोदताना कड ढासळली. मोठी शिळा आडवी पडली आणि केरबा अन् मालू हे सख्खे भाऊ तिच्यामागं अडकले. त्यांच्या हाका वर ऐकू येत होत्या. खालून पाणी चढत होतं. शिळेखाली घातलेली पहार मोडली. दुसरीही मोडली. धुरपाबाईनं मोडलेलं तोंड उन्हात धरलं. आत जाड्या मिठासारखे दाणे चमकत होते.

"लई तापवून ठोकलीय," ती म्हणाली. "जास्त तापलं की दाणा फुगतो, आन् फुगलेला दाणा दगा देतो."

तिनं नवं पोलाद भट्टीत घातलं आणि वाळल्या मिरचीचा रंग येताच बाहेर ओढलं. तिचा दीर भिकोबा घण घेऊन थबकला.

"वहिनी, हे गार हाय अजून. वाकायचं न्हाई."

"वाकंल. जोर लागंल."

मग दोघांनी घाव घातले. रंग उतरला की ती पुन्हा तेवढंच तापवी, तसूभर जास्त नाही. असं म्हणतात, घणाचे तीन दांडे मोडले. दर घावाला आतला दाणा फुटायचा, एकाचे दोन, दोनाचे चार, आणि धुरपाबाई ते फुटणं कान देऊन ऐकायची.

केरबाची बायको धावत आली. "पाणी गळ्याशी आलंय, धुरपाक्का. भट्टी वाढव."

"वाढवली तर ही बी मोडंल, बाई. मग दुसरी घडवायला येळ न्हाई." बोलतानाही तिचा घण थांबला नाही.

दिवस कलताना पहार शिळेखाली गेली. आठ गडी तिच्यावर लोंबकळले. पहार धनुष्यासारखी वाकली, पण मोडली नाही. शिळा कण्हली आणि सरकली. दोघे भाऊ जिवंत वर आले. गड्यांनी हात काढताच पहार आपसूक सरळ झाली.

त्याच पोलादाचा, पहारीबरोबरच ठोकलेला उरलेला तुकडा आतला दाणा बघायला गावानं खाच पाडून महाप्रयासानं फोडला. आत दाणा दिसेचना. नाचणीच्या पिठासारखी करडी, मऊ लकाकी होती.

आजही काळखडीत विहीर खोदायची तर पहिला घाव लोहाराघरच्या बाईचा असतो. तोवर बाकीचे पायताण काढून काठावर उभे राहतात. पाणी लागलं की पहिला हंडा भट्टीपाशी पोचतो. आणि जिनं घाव घातला, ती वयानं कितीही लहान असो, त्या दिवशी सारं गाव तिला धुरपाआजी म्हणतं.