कोंडाईची पाटी

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची, घाटात बैलगाडीची वाटही नव्हती तेव्हाची. डोंगराच्या पायथ्याशी कळकेवाडी नावाचं गाव होतं आणि गावाच्या कडेला कोंडाई बुरडीण राहायची. सुपं, रोवळ्या, कणग्या ती विणायची. लग्नात नवरा-नवरी बांबूच्या ज्या पाट्यांत उभे राहतात त्या पाट्या तिच्याच, आणि माणूस गेलं की तिरडीचे बांबूही तिच्याच दारातून जायचे. असं म्हणतात, की तिनं हात लावला की कळकाचा बांबू आपणहून वाकायचा.

एका साली देशावर दोन फौजा भिडल्या. कुणाच्या, ते आता कुणाला आठवत नाही, आणि गावांना तेव्हाही त्याचं काही नव्हतं. उभी पिकं दोन्ही फौजा सारखीच जाळायच्या. माणसं गावं सोडून डोंगर चढली, खिंडीपलीकडे गेली. ज्यांना चढवत नव्हतं त्या म्हाताऱ्यांना पोरं कळकेवाडीच्या वडाखाली बसवायची आणि सांगायची, ‘जागा बघतो नि न्यायला येतो.’ पोरं खोटं बोलत नव्हती. पण परत कुणी आलं नाही.

वाडीच्या बायका वडाखाली पेज नेऊ लागल्या. कोंडाईही न्यायची. मग एक फौज जवळ आल्याची खबर आली.

“पेज पाजून ह्यास्नी कुनासाठी राखायचं?” कोंडाई म्हणाली. “उचलून न्या डोंगरापल्याड.”

घाईघाईत तिनं दोन लांब बांबू घेतले, आडव्या कांबी बांधल्या आणि चार गडी घेऊन वडाखाली आली. तिथे रखमाजी नावाचा एक हट्टी म्हातारा होता, बाकीचे त्याचं ऐकायचे. त्यानं ते बघितलं आणि काठी उगारली.

“मी जित्ता हाय,” तो म्हणाला. “जित्तेपनी तिरडीवर चढायचा न्हाई. फौज येऊंदे, न्हाईतर आनी कोन.”

सगळ्या म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली. कोंडाईनं खाली पाहिलं. हातांना सवय असलेलंच हातांनी बांधलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती घरी परतली. अख्खी वाडी कळक फोडायला बसली आणि कोंडाई विणत राहिली. असं म्हणतात, की तिची बोटं दिसेनाशी झाली, नुसत्या पाट्या वाढताना दिसत होत्या. खोल पाट्या, पाठीला टेका असलेल्या, खांद्यात अडकवायला दोर लावलेल्या. काठांना तिनं हळद फासली आणि पहिली पाटी रखमाजीपुढे ठेवली.

“आजा, लगीन झालंय न्हवं तुमचं?”

“झालंय की.”

“कशात हुबं ऱ्हाऊन?”

म्हाताऱ्यानं हळदीच्या काठावरून बोट फिरवलं. “पाटीत,” तो म्हणाला. “पर ध्यानात ठेव. वाटंत कुनी इचारलं तर मी जित्ता हाय.”

“तुमीच सांगा समद्यास्नी,” कोंडाई म्हणाली आणि पाठ करून खाली बसली.

रखमाजी तिच्या पाठीवर, तोंड मागे, आपल्या मुलखाकडे. वळणा-वळणावर तो ओरडायचा, “मी जित्ता हाय.” मागे सगळी वाडी, प्रत्येकाच्या पाठीवर एक म्हातारं माणूस. असं म्हणतात, की चढ वाढत गेला तशी ओझी हलकी होत गेली. माणूस आहे ना, हे आवाजावरूनच कळायचं. त्यांच्यामागे कळकाची बनं वाटेवर आडवी झाली. फौज आली तेव्हा तिला वड दिसला, पेजेची रिकामी भांडी दिसली. वाट दिसली नाही.

पलीकडे काहींची पोरं सापडली. ज्यांची सापडली नाहीत, त्यांना फौजा गेल्यावर कळकेवाडीनं परत आणलं आणि घराघरांत वाटून घेतलं. रखमाजी कोंडाईकडेच राहिला आणि शेवटपर्यंत तिच्या विणकामात खोड काढत राहिला.

कोंडाईची तिरडी कुणी बांधली नाही. असं म्हणतात, की म्हातारपणी एका सकाळी ती आपल्या पाटीत बसली आणि पाटी कुणी न उचलता घाट चढून गेली.

कळकेवाडीत आजही लग्न लागलं की वरात लगेच निघत नाही. नवरीच्या पाटीत घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बसवतात आणि नवरा-नवरी मिळून पाटी उचलतात. बाहेरगावचे वऱ्हाडी घड्याळ बघतात, गाडीवाला हॉर्न वाजवतो. पाटीतलं माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतं, “मी जित्ता हाय.” मांडव म्हणतो, “हाय.” मगच नवरी सासरी जाते.