एकशे बारावी वाटी

"वाटी मूळची आहे की बदललेली?"

खांबेट्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

शांतवनबाबांनी आणखी एक शेंग फोडली. दाणे पाहुण्याच्या पुढ्यात सरकवले, टरफल आपल्याजवळ ठेवलं.

खांबेट्यांनी दाण्यांना हात लावला नाही. विचारलेल्याचं उत्तर न देता जो खायला घालतो, तो काहीतरी लपवत असतो, असा त्यांचा अनुभव होता.

आणि अनुभव दांडगा होता. दिगंबर खांबेटे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तेहतीस वर्षं त्यांनी दुकानदारांची पारडी उलटी करून पाहिली. कुठे पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला, कुठे मापाला आतून दुसरं बूड. सरळ काटा जगात नसतोच, काही काटे सापडायचे राहिलेले असतात, इतकंच, असं त्यांचं मत होऊन बसलं होतं. निवृत्तीनंतर खातं सुटलं. मत सुटलं नाही.

नोकरी पोटासाठी होती, नाद मात्र वेगळाच होता.

ऐन पंचविशीत, देवळालीच्या छावणीतल्या एका बंगल्याच्या खिडकीतून त्यांनी एक गिटार ऐकली होती. लाकडाची नव्हे, पत्र्याची. तिच्या पोटात जाळीच्या झाकणाखाली ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते. तारा थरथरल्या की ती वाटी गाते. तिला रेझोनेटर गिटार म्हणतात, हे त्यांना पुढे कळलं. त्या दिवशी ते नुसते रस्त्यात उभे राहिले आणि त्यांची नाशिकची गाडी चुकली.

तो आवाज पुन्हा ऐकायचा म्हणून माणूस चाळीस वर्षं हिंडला. गोवा, कामठी, भुसावळ, बेळगाव. जुने बँडवाले, रेल्वेतले गार्ड, चर्चचे वादक. जिथे म्हणून अशी जुनी गिटार आहे असं कळलं, तिथे खांबेटे आपली जाड वही घेऊन हजर. एकशे अकरा गिटारींची नोंद झाली होती. तो आवाज एकीचाही नव्हता.

त्याचं कारणही त्यांनी शोधून काढलं होतं. दुरुस्ती करणाऱ्यांनी आणि मालकांनी संगनमताने खऱ्या वाट्या काढून विकल्या आणि आत नकली बसवल्या. पुस्तक छापखान्यात तयार होतं. प्रस्तावनेत ठळक वाक्य होतं : आपल्याकडे मूळ वाटी असलेली एकही गिटार उरलेली नाही.

फक्त ही एकशे बारावी राहिली होती. गर्भगिरीच्या उतारावरच्या या गावात, एका ख्रिस्ती म्हाताऱ्याकडे. मिशनच्या शाळेत बाबा पत्र्याचं काम शिकले. शाळेतल्या मडमेने आपल्या देशी परत जाताना तिची गिटार त्यांच्या हातात ठेवली. तेव्हापासून दर रविवारी गावातल्या ख्रिस्ती देवळात बाबा ती वाजवत. गावात कुणी त्यांना गुरू म्हणत नसे, पण भांडण असो की सोयरीक, माणसं आधी बाबांच्या ओट्यावर येऊन बसत.

"तुमची वही दावा," बाबा म्हणाले.

वही मागितल्यावर खांबेटे खुलले. हा मान त्यांना घरीसुद्धा मिळत नसे. त्यांनी एकेक पान उलगडून दाखवलं. मालकाचं नाव, गाव, कारखान्याचा क्रमांक, पत्र्याची जाडी, वाटीचा व्यास, फोटो. शेवटच्या रकान्यात आवाज.

बाबांचं बोट शेवटच्या रकान्यावरून खाली सरकत गेलं. बद्द. बद्द. बद्द. पान उलटलं. बद्द.

"काहींच्या वाटीवर शिक्का व्हता, असं लिव्हलंय."

होता, खांबेटे म्हणाले. पण आवाज बद्द निघाला, म्हणजे शिक्काही खोटाच. खोटा शिक्का मारणं काय अवघड असतं, हे त्यांना सांगायला नको.

"आवाज कवा लिव्हता?"

"शेवटी. आधी उघडायची, मोजायची, फोटो काढायचे. मग बंद करायची, सुरात लावायची आणि मग आवाज. चाळीस वर्षांत क्रम चुकला नाही."

"आधी ऐकत न्हाई?"

"आधी ऐकलं की मन तयार होतं. मग डोळे त्याच्या बाजूने साक्ष देतात."

ओट्यापलीकडच्या बाभळीवर होला घुमत होता.

"आन् मालक लोक? त्ये काय म्हन्त्यात?"

खांबेटे हसले. तेच ते, म्हणाले. देवळालीच्या फुर्टाडोबाईंपासून सगळ्यांचं एकच पालुपद. साहेब, मघाशी असा नव्हता हो आवाज. दुकानदारसुद्धा हेच म्हणायचे, मघापर्यंत काटा बरोबर होता.

"असं सगळेच म्हणतात, बाबा."

"सगळेच..." बाबांनी मान हलवली.

मग ते उठले, आत गेले आणि गिटार घेऊन आले. खांबेटे घाईने म्हणाले, वाजवू नका, आधी उघडू द्या. पण म्हातारा मांडी घालून बसला होता. गिटार मांडीवर आडवी पडली होती, डाव्या हातात तारांवर फिरवायचा नळीचा गुळगुळीत तुकडा आला होता. आपल्याच ओट्यावर बसलेल्या माणसाला थांबवायचं तरी कसं?

बाबांनी देवळातल्या एका भजनाची चाल धरली. संथ, चारच ओळींची.

पहिल्याच सुराला खांबेट्यांचा हात वहीवर थांबला. पाण्याने अर्ध्या भरलेल्या हंड्यात तोंड घालून कुणी गावं, तसा तो सूर भरून येत होता आणि सुटल्यावरही हवेत राहत होता. देवळालीचा रस्ता, ती खिडकी, चुकलेली गाडी. तोच आवाज होता. खांबेट्यांचे डोळे भरले. त्यांना त्याची लाज वाटली आणि आनंदही झाला.

चाल संपली. आनंद मिनिटभर टिकला असेल. संशयाला औषध नसतं म्हणतात ते खरं.

आवाज खरा होता, तर वाटी मूळचीच असणार. पण असणार म्हणजे काय? असणार हा शब्द वहीत चालत नाही. म्हाताऱ्याने इतक्या सहज वाजवून दाखवलं, ते तरी का? उघडण्यावरून लक्ष उडावं म्हणून तर नव्हे?

"आता उघडू द्या."

"न्हाई उघडली तर?"

"तर नोंद होणार नाही. प्रस्तावनेतलं वाक्य तसंच राहील. एकही उरली नाही, असंच जग वाचेल."

बाबांनी गिटारीवर तळवा ठेवला. विकायला काढलेल्या गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. बराच वेळ ठेवला...

मग दोन्ही हातांनी गिटार पुढे सरकवली.

"उघडा."

खांबेट्यांनी तारा सैल केल्या. नऊ स्क्रू काढून ओळीने कागदावर मांडले. जाळीचं झाकण उचललं. आत कडेवर वाटी टेकलेली होती, पापडासारखी पातळ. त्यांनी ती बोटांच्या टोकांवर अलगद बाहेर घेतली, उजेडात धरली, उलटी केली.

कारखान्याचा शिक्का. क्रमांक गिटारीच्या क्रमांकाशी जुळत होता. त्यांनी भिंग लावून पाहिलं, जाडी मोजली. दोनदा मोजली.

मूळ.

एकशे बारांत पहिली मूळ. त्यांनी रकान्यात तो शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. चाळीस वर्षं फुकट गेली नव्हती. त्यांनी बाबांकडे मोठ्या मायेने पाहिलं. बाबा शेंगा फोडत होते.

फोटो झाले. वाटी परत ठेवली. झाकण, नऊ स्क्रू, तारा. सूर लावले. उरला तो शेवटचा रकाना. क्रमाप्रमाणे खांबेट्यांनी एक तार छेडली.

बद्द.

दुसरी छेडली, तिसरी छेडली. रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी, तसा आवाज.

त्यांनी झटकन बाबांकडे पाहिलं. म्हातारा उठला होता का? हात लांबवला होता का? नव्हता. बाबा पाच हात दूर होते आणि त्यांच्यापुढे टरफलांचा ढीग तेवढा वाढला होता. दुसरं कुणी ओट्यावर फिरकलंही नव्हतं. गिटार खांबेट्यांच्या हातून क्षणभरही सुटली नव्हती.

त्यांनी स्क्रू आवळून पाहिले. पुन्हा छेडलं.

"बाबा... मघाशी असा नव्हता हो आवाज."

बाबांनी वर पाहिलं.

"असं सगळेच म्हन्त्यात, साहेब."

होला घुमायचा थांबला होता.

खांबेट्यांनी वहीची पानं मागे मागे उलटली. बेळगाव, भुसावळ, कामठी. अगदी पहिल्या पानावर येऊन ते थांबले. देवळाली, श्रीमती फुर्टाडो. खिडकीतून ऐकली होती, ती या बाईंचीच गिटार. आठ दिवसांनी परवानगी घेऊन ते त्या बंगल्यात गेले होते आणि ही त्यांनी उघडलेली पहिली. खाली त्यांच्याच तरुण, टोकदार अक्षरात शेरा होता : मालकिणीने खरी वाटी दडवली असावी. विचारता रडू लागली. रडणे संशयास्पद.

ते शेवटचे दोन शब्द खांबेट्यांनी कितीतरी वेळ वाचले. फुर्टाडोबाई जाऊन वीस वर्षं झाली होती.

"काय होतं हे, बाबा?" त्यांनी हळूच विचारलं.

बाबांनी सांगितलं, तेही एखाद्याला वाट सांगावी तितक्याच सहजपणे. वाटी कडेवर नुसती टेकलेली असते, तिला खिळा नसतो, झाळकाम नसतं. तारांचा भार सोसत सोसत ती आपली जागा शोधते. एकदा उचलली की जागा मोडली. मग वाजवत राहायचं, ती पुन्हा सापडेपर्यंत.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"म्याबी उघडली व्हती. मडम गेल्यावर. हिच्या पोटात तिनं काय ठिवलंय, असा संशय आला मला." बाबांनी अंगठ्याने शेंग दाबली. "बारा वर्सं वाजीवली, तवा आली जाग्यावर."

बारा वर्षं. खांबेट्यांनी त्या सुरकुतलेल्या हातांकडे पाहिलं. बाबा एकोणनव्वद वर्षांचे होते. गावात शिरतानाच कुणीतरी कौतुकाने सांगितलं होतं.



"ठाऊक होतं तुम्हाला. मग मला उघडू का दिलीत?"

बाबांनी पुढची शेंग उचलली.

खांबेट्यांनी शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला, अक्षर उमटेना. छापखाना, प्रस्तावना, ते ठळक वाक्य, सगळं त्यांना एकाएकी फार लांबचं वाटू लागलं.

"काय लिहू इथे?"

बाबांनी टरफलं झटकली आणि उठून जवळ आले. मांडीवरची वही उचलून त्यांनी शेंगांच्या सुपावर ठेवली. तिच्या जागी गिटार आडवी ठेवली आणि खांबेट्यांच्या डाव्या मुठीत तो गुळगुळीत नळीचा तुकडा दिला.

"मला वाजवता येत नाही, बाबा. कधी शिकलोच नाही."

"वय काय तुमचं?"

"अडुसष्ट."

बाबांनी बोटांवर हिशेब केला. सावकाश केला, एकेक पेर मोजत.

"मंग येईल जाग्यावर."