केलतीचा बावा

"मग मी नुसतं बघत उभं राहायचं होतं का?" सायसिंगनं विचारलं.

रेहंज्या डाया समोर बसला होता. तो सायसिंगच्या पायांकडे बघत राहिला.

डाया म्हणजे जाणता म्हातारा. सातपुड्यातल्या चिंचबारी पाड्यावर होळीचे बावे त्याच्या हाताखाली तयार होत. होळीच्या आधी काही दिवस गडीमाणसं बावा होतात. अंगभर पांढरे ठिपके, कमरेला सुकलेले दुधी भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. बाहेरच्याला तो नाच दिसतो.

पाड्यावर त्याला मानता म्हणतात. घरातलं कोणी दुखण्यातून उठावं म्हणून कोणीतरी बावा होतो. मग त्यानं अनवाणी चालायचं, जमिनीवर निजायचं, पाड्यापाड्यांवर नाचून दाणे मागायचे. आणि टोप डोक्यावर असेपर्यंत कोणावर हात उगारायचा नाही.

सायसिंगनं त्या सकाळी हात उगारला होता.

त्याची मानता आईसाठी, केलतीसाठी होती. तिला सिकलसेलचं दुखणं. मागच्या पावसाळ्यात तिला बांबूच्या झोळीतून डोंगर उतरवून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. झोळीचं पुढचं टोक सायसिंगच्या खांद्यावर होतं. वाटेतच तो बोलला होता, आई वाचली तर या होळीला बावा होईन.

ती वाचली. तो नाशिकहून कॉलेज सोडून आला आणि डायासमोर बसला. डायानं त्याच्या अंगावर ठिपके काढले, त्याला टोप चढवला.

दुसऱ्याच दिवशी शौनक भिडे आला.

शौनक पुण्याचा. त्याचा नाचाचा ग्रुप होता. शाळा-कॉलेजांच्या कार्यक्रमांत, उत्सवांच्या मिरवणुकांत त्याची मुलं नाचत. सातपुड्याची होळी त्यानं व्हिडिओत पाहिली होती आणि ती त्याच्या मनात भरली होती. खालच्या बाजारात कोणीतरी त्याला मोरपिसांचा टोप विकला. त्यानं स्वतःच छातीवर पांढऱ्या रंगाचे ठिपके ओढले, स्टँडवर मोबाइल लावला आणि बावांच्या रांगेत शिरून नाचू लागला.

नाचत चांगला होता. दोघं-तिघं बावे हसलेही.

सायसिंगला मात्र कॉलेजचं गॅदरिंग आठवलं. तिथं मुलांनी असेच टोप घातले होते, केस पिंजारून वर बांधले होते आणि तोंडानं हुर्र हुर्र करत स्टेजवर उड्या मारल्या होत्या. सभागृह हसून लोळत होतं. नंतर एकानं त्याला म्हटलं होतं, तू का नाही आलास, तू तर ओरिजिनल. सायसिंग तेव्हा गप्प राहिला होता.

या वेळी त्यानं शौनकच्या डोक्यावरचा टोप ओढून काढला आणि त्याला ढकललं. शौनक दगडावर पडला. कोपर सोललं. ढोल थांबले.

"सांग ना डाया. बघत राहायचं होतं?"

डाया उठला. त्यानं दोन्ही हातांनी सायसिंगच्या डोक्यावरचा टोप उचलला आणि खाली घोंगडीवर ठेवला.

सायसिंगला क्षणभर कळलंच नाही. मग त्याचा चेहरा उतरला.

"आईची मानता आहे," तो म्हणाला.

"होती."

…

सायसिंग खाली बसला. त्यानं पुष्कळ समजावून पाहिलं. तो माणूस उपरा, त्याला काही माहीत नाही, त्यानं टोपाचा खेळ केला. आपण टोपासाठीच तर हात उचलला. डाया सगळं ऐकून घेत होता. ऐकताना तो घोंगडीवरच्या टोपाची वाकलेली पिसं सरळ करत होता.

"टोपासाठी मानता नसते," एवढंच तो म्हणाला.

सायसिंगनं विचारलं, आता काय करायचं? काका आहे, तो माझ्या जागी चालेल. डायानं मान हलवली. टोप पुन्हा चढू शकतो, तो म्हणाला, पण तो कोणाच्या डोक्यावर चढायचा हे सांगण्याचा हक्क तुझ्याकडे उरलेला नाही.

"ज्याला पाडलंस, त्याला विचार."

जमलेल्या बावांमध्ये कुजबुज झाली. एक वयस्कर बावा म्हणाला, असं आजवर कधी झालेलं नाही. डाया म्हणाला, टोप घातलेल्यानं माणूस पाडला, असंही आजवर झालं नव्हतं.

शौनक मोहाच्या झाडाखाली कोपर धुवत बसला होता. डायाला मराठी कळायची, पण बोलायचा तो आपल्या पावरी बोलीत. त्याचं बोलणं मराठीत सांगायचं काम सायसिंगवरच आलं.

त्यानं ते तुटक तुटक सांगितलं. हा टोप कशासाठी घालतात. तो कोणासाठी घातला होता. तो आता का उतरला. शेवटचं वाक्य तेवढं राहिलं. डाया थांबून राहिला.

"माझ्या आईसाठी तुम्ही चालाल का?" सायसिंगनं विचारलं.

शौनक आधी हसला. त्याला वाटलं, हे लोक त्याची समजूत काढताहेत, त्याला मान देताहेत. तो आनंदानं हो म्हणणार होता. मग त्यानं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं.

"आणि माझं काही चुकलं तर?"

सायसिंगनं डायाकडे पाहिलं. डाया शौनकच्या तोंडाकडे बघत होता.

"म्हणजे त्यांना… आईंना काही होईल?"



शौनकनं छातीवरचे ठिपके बघितले. तळहातानं ते पुसू लागला. रंग पक्का होता, निघेना. तो म्हणाला, मी हे इतकं समजून आलो नव्हतो. मला जमेल असं वाटत नाही. माफ करा.

त्यानं आपला विकतचा टोप उचलून डायाच्या पायाशी ठेवला आणि तो पिशवी आवरायला गेला.

सायसिंगला सुटल्यासारखं वाटलं. आणि लगेच त्याला आईची झोळी आठवली.

तो शौनकच्या मागे गेला. या वेळी डायानं त्याला काही सांगितलं नव्हतं. त्यानं शौनकची पिशवी उचलली आणि म्हणाला, निदान आईला भेटून जा.

केलती झोपडीत खाटेवर होती. सांधे सुजले होते. काय घडलं ते तिला आधीच कळलं होतं. पाड्यावर काही लपत नाही. तिनं शौनकचं कोपर हातात घेऊन बघितलं आणि मुलाकडे एकदा पाहिलं. मुलानं मान खाली घातली.

तिनं एकच गोष्ट विचारली. सायसिंगनं ती मराठीत सांगितली.

"ती म्हणते, तुमच्या आईला माहीत आहे का? दुसऱ्या बाईच्या पोराला माझ्यासाठी अनवाणी कसं चालवू?"

शौनकनं मोबाइल काढला. मग त्यानं विचारलं, इथं रेंज कुठं येते?

सायसिंगनं त्याला टेकडीवर नेलं. शौनकनं पुण्याला फोन लावला. काय घडलं ते त्याला नीट सांगता आलं नाही. त्याची आई मध्येच थांबवून म्हणाली, ते राहू दे, त्या बाईंना झालंय काय? शौनकला ते माहीत नव्हतं. त्यानं फोनवर हात ठेवून सायसिंगला विचारलं.

सायसिंगनं सांगितलं. लहानपणापासूनचं दुखणं. थंडीत कसं वाढतं. हाडं आतून कशी ठणकतात. कुठल्या गोळ्या. रक्त कधी चढवावं लागतं. शौनक ऐकून तसंच आईला सांगत गेला. सायसिंगनं कॉलेजमध्ये हे कोणाला कधी सांगितलं नव्हतं.

टेकडी उतरताना शौनकनं बूट काढले.

डायानं त्याला पाण्यानं स्वच्छ धुतलं. विकतचा रंग घासून घासून काढला. मग तांदळाच्या पिठाचे ठिपके काढले. सायसिंगच्या डोक्यावरून उतरवलेला टोप त्यानं शौनकला चढवला. विकतचा टोप कुठं गेला, त्याची पुन्हा कोणी चौकशी केली नाही. मोबाइल केलतीच्या उशाशी राहिला.

ते निघाले. बावांची रांग पुढे, सायसिंग साध्या शर्टात मागे.

पहिल्या चढावरच शौनकचे पाय फाटले. तो थांबला नाही. काटा मोडला की सायसिंग खाली बसून काढायचा. रात्री शौनक मातीवर निजायचा, तेव्हा सायसिंगही त्याच्या शेजारी मातीवर निजायचा. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

पाड्यापाड्यांवर बाया विचारायच्या, हा गोरा बावा कोणाचा? कोणीतरी सांगायचं, केलतीचा. मग त्या सुपातून दाणे आणायच्या आणि त्याच्या झोळीत घालायच्या. पुढच्या पाड्यावर त्याच्याआधी त्याचं नाव पोचलेलं असायचं. केलतीचा बावा आला.

एका पाड्यावर दोन पोरं त्याच्या नाचाची नक्कल करून हसली. शौनकचा पाय क्षणभर अडखळला. सायसिंगनं ते पाहिलं. आपण पुढे व्हावं, पोरांना हटकावं असं त्याला वाटलं. पण शौनकनं मान खाली घातली आणि ढोलाच्या ठेक्यावर पाऊल टाकलं.

त्या दुपारी सायसिंग डायाजवळ जाऊन बसला.

"कॉलेजातली ती पोरं," तो म्हणाला, "त्यांनाही टोप आवडलाच होता. तसंच म्हणत होती."

डाया विडी ओढत होता.

"मग फरक कसा ओळखायचा? हसायला कोण आलं, मान द्यायला कोण आलं… दोघंही टोपच घालतात."

"तू त्यांना विचारलंस?"

"काय?"

"कोणासाठी घातला."

"नाही विचारलं."

डायानं विडी विझवली.

"विचारलं असतं तर ती हसली असती," सायसिंग म्हणाला.

"हो," डाया म्हणाला. "तरी विचारायचं."

होळी पेटली. बावांनी तिच्याभोवती फेरे घातले. शौनक रांगेत शेवटी होता. त्याचं तोंड सुकलं होतं आणि पाय धड टेकत नव्हते. केलतीला दोघींनी धरून आणलं होतं. तिची हाडं त्या दिवशीही दुखत होती, गोळ्या चालूच होत्या. पण ती फेरे संपेपर्यंत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बावे ओढ्यावर गेले. तिथं वेश उतरतो. ठिपके धुतले जातात, भोपळे सोडतात, टोपाची पिसं सुटी करून घरोघर परत जातात. शौनकच्या डोक्यावरचा टोप डायानं उतरवला. शौनकनं ओंजळीनं पाणी घेतलं आणि छाती धुतली. पांढरं पाणी वाहून गेलं. मग तो खडकावर बसला आणि काही कारण नसताना रडला. सायसिंग त्याच्या शेजारी बसून राहिला.

थोड्या वेळानं सायसिंगनं डायाकडे बघून पावरीत विचारलं, आता हा वेश त्याचाही झाला का? की आपलाच राहिला?

डाया पिसं मोजून वेगळी करत होता.

शौनकनं विचारलं, काय म्हणालास? सायसिंगनं सांगितलं. शौनक कसानुसा झाला. तो म्हणाला, माझा कसा होईल? पण बोलता बोलता त्याचे डोळे डायाच्या हातातल्या पिसांकडेच होते. मग त्याला राहवलं नाही.

"बाबा, पुढच्या वर्षी मी परत येऊ? सगळं पाळेन. पुन्हा घालायला मिळेल मला?"

डायाचे हात थांबले. त्यानं शौनकच्या फाटलेल्या पायांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

आणि पहिल्यांदाच तो त्याच्याशी मराठीत बोलला.

"होळीमाय करो, बाळा, तुला घालायची वेळ न येवो."