ठकूआत्याची कवडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा कोकणातून घाटावर मीठ जायचं ते बैलांच्या पाठीवरून, आणि ते बैल सावरखिंडीत पाणी प्यायला थांबायचे. ज्या दिवशी ती बातमी आली, तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. ऊन तिरपं झालं होतं. कुणाच्या तरी अंगणात नाचणी झोडपण्याचा आवाज चालला होता. आणि ठकूआत्या आपल्या ओट्यावर बसून कवडीच्या पंखांखाली राख चोळत होती.

कवडी म्हणजे तिची कोंबडी, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची. ती खुडूक झाली होती, म्हणजे अंडी घालायचं थांबवून उबवायला बसू बघत होती. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची, तर आधी तिच्या अंगातल्या उवा काढाव्या लागतात, नाहीतर बिचारी खाजेनं हैराण होऊन अर्ध्यातच उठते. ठकूआत्यानं एक हात कवडीच्या छातीखाली घातला होता, पाय बोटांच्या मध्ये धरले होते, आणि दुसऱ्या हातानं ती राख लावत होती. कोंबडीला पंखाला धरून उचलायचं नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. तसं उचललेली कोंबडी मग धरणाऱ्यावर भरवसा ठेवत नाही.

ही कवडी तिच्या लेकाची, लखूची. पिल्लू असताना घारीच्या पायातून सुटून पडलं होतं, ते लखूनं सदऱ्याच्या आत ठेवून जगवलं. ठकूआत्याचा नवरा लवकर गेलेला, घरात मायलेकरं दोघंच. मग लखू खाली बंदरात गलबतावर कामाला गेला. जाताना म्हणाला होता, "आये, कवडी खुडूक झाली तर पाण्यात बुडवून तिची खुडूक मोडू नको हां. बसव. पिल्लं बघायला येतो मी."

मिठाचे बैल आले. मीठवाला केरबा दरवेळी लांबूनच हाक मारायचा. आज तो बैल सोडून अंगणात आला आणि डोक्याचं मुंडासं काढून उभा राहिला. मग त्यानं सांगितलं, की गलबत बुडालं आणि त्यावरचं कोणीच किनाऱ्याला लागलं नाही.

असं म्हणतात, की ठकूआत्याचा हात थांबला नाही. तिनं दुसऱ्या पंखाखालीही राख लावली. मग कवडीला उचलून आत नेलं. कोनाड्याखाली तुसाचा थर देऊन टोपली तयार होती, अंडी मांडलेली होती, विजेची बाधा होऊ नये म्हणून लोखंडाचा खिळा ठेवलेला होता. तिनं कवडीला टोपलीपाशी सोडलं. कवडीनं चोचीनं अंडी पोटाखाली ओढली, अंग पसरलं आणि डोळे अर्धे मिटले. मग ठकूआत्या बाहेर आली आणि केरबाला पाणी दिलं.

बातमी गावभर झाली. सावरखिंडीची रीत अशी, की घरात माणूस गेलं की बायका जमायच्या आणि हेल काढून रडायच्या. लखूचा तर देहही नव्हता. जाळायला काही नाही, पुरायला काही नाही. रडणं एवढंच त्याच्या वाट्याला देता येत होतं. सगळ्यांच्या पुढं आली ती ठकूआत्याची थोरली जाऊ, सारजा. सारजाचं रडणं पंचक्रोशीत माहीत होतं. ती हेल काढायला लागली की शेजारच्या गावचे बैल दावं तोडतात, असं लोक थट्टेनं म्हणायचे, पण मयताला तिला बोलावल्याशिवाय राहायचे नाहीत.

सारजानं उंबऱ्यावरूनच तोंड उघडलं, तशी ठकूआत्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"अक्का, कवडी बसलीय," ती म्हणाली. "आवाज झाला तर उठंल."

सारजाला क्षणभर कळेना. मग कळलं तेव्हा ती रागानं लाल झाली. "पोटचा पोर गेला गं तुझा," ती म्हणाली, "आणि तुला कोंबडीची काळजी?"

खुडूक कोंबडी नवी बसवली की तिला गोंगाट सहन होत नाही. घाबरून उठली की पुन्हा बसेलच असं नाही, आणि अंडी एकदा गार झाली की संपलं. हे त्या बायकांना माहीत नव्हतं असं नाही. पण माणसाच्या मरणापुढं कोंबडीचं कोण ऐकतं? गावातला जुना माणूस धोंडजी, त्यानंही समजावलं. आईनं हंबरडा फोडल्याशिवाय लेकराचा जीव वाटेला लागत नाही, तो दाराशी घुटमळत राहतो, असं तो म्हणाला.

ठकूआत्या म्हणाली, "घुटमळू दे की, मामंजी. तो काय मला घाई करायचा न्हाई. पिल्लं निघू देत. मग रडंन."

बायका नाइलाजानं अंगणाच्या कडेला जाऊन बसल्या. आधी कुजबुजल्या, कोंबडी पोटची आणि लेक परका, असंही कुणी बोललं. मग बोलणं संपलं. रडायला आलेल्या बायका न रडता बसल्या, तेव्हा त्यांना घराच्या आतली शांतता ऐकू आली. ती त्यांच्याच्यानं सोसवेना. एकेक करून त्या उठून गेल्या.

त्यानंतर ठकूआत्याकडे कोणी फिरकलं नाही. ती एकटीच असायची. कवडी दिवसातून एकदा उठायची, कण्या टिपायची, करवंटीतलं पाणी प्यायची, राखेत लोळायची. तेवढा वेळ ठकूआत्या अंड्यांवर आपल्या लुगड्याचा पदर घालून बसायची. तिच्याशी बोलायला घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि कवडीशीही ती बोलत नव्हती.

मग एका दुपारी अवकाळी आभाळ आलं. मेघ असे गडगडले की रांजणातलं पाणी हललं. गडगडाटानं अंड्यातले जीव मरतात, हे तिकडं सगळे मानतात. अशा वेळी एक खिळा काय पुरा पडणार? ठकूआत्या टोपलीवर ओणवी झाली आणि कवडीसकट सगळं तिनं अंगाखाली घेतलं. असं म्हणतात, की त्या दिवशी गावात जिथं जिथं कोंबडी बसली होती तिथली अंडी गेली. पण ठकूआत्याच्या घरावरचा गडगडाट तिच्या पाठीतून आत शिरला आणि तिथंच विरला, खाली अंड्यांपर्यंत पोचलाच नाही. तेव्हापासून तिला ऐकू कमी येऊ लागलं. पावसाळी हवेत तिच्या पाठीला कान लावला तर आत बारीक गुरगुर ऐकू यायची, असंही म्हणतात.

पिल्लं निघाली. एकही अंडं वाया गेलं नाही. सारजा आली, टोपलीत वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आता रड गं, ठकू."

ठकूआत्यानं आभाळाकडं बोट दाखवलं. वर घार फिरत होती. पिल्लं जरा उडती होऊ देत, ती म्हणाली.

पिल्लं उडती झाली, तोवर ज्यांची अंडी गडगडाटात गेली होती ती माणसं आपल्या खुडूक कोंबड्या घेऊन तिच्या दारात आली. ठकूआत्या कुणाला नाही म्हणाली नाही. एक टोपली उठायच्या आत दुसरी बसायची. मानमोडीच्या साथीत सगळ्या मुलखातल्या कोंबड्या माना टाकून मेल्या, तेव्हा तिच्या ओट्यापासून साथ माघारी फिरली म्हणतात. पोरं तिच्याकडून कोंबडी धरायला शिकली. ती म्हातारी झाली. तिच्या घरात मोठ्यानं बोलायला कधी सवडच झाली नाही.

एका सकाळी ती भिंतीला टेकून बसलेली सापडली. डोळे मिटलेले, एक हात टोपलीत, कोंबडीच्या छातीखाली. कोंबडी हलली नव्हती.

सारजा तेव्हा फार थकली होती. तिला दोघींनी धरून आणलं. तिनं जावेकडं पाहिलं, तोंड उघडलं. मग टोपलीकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. "कोंबडी बसलीय," ती म्हणाली. "निघू देत पिल्लं. मग बघू."

ठकूआत्याला न वाजवता, न रडता नेलं. गावातले कोंबडे त्या दिवशी आरवले नाहीत, आणि कोंबड्या रांगेनं वेशीपर्यंत मागं चालत आल्या, असं म्हणतात.

अजूनही सावरखिंडीत खुडूक कोंबडीला मोडण्यासाठी कुणी पाण्यात बुडवत नाही. घरात माणूस गेलं आणि तिथं कोंबडी बसलेली असली, तर बायका अंगणाच्या कडेला गप्प बसतात. आणि ज्याचं कोणी गेलं, त्याच्या एकट्या घरात शेजारी डालग्याखाली झाकून एक खुडूक कोंबडी आणून ठेवतात. छातीखाली हात घालून ती त्याच्या हातात देतात. काही बोलत नाहीत.

त्या सकाळी ठकूआत्याच्या हाताखाली बसलेल्या कोंबडीची पिल्लं निघाली, तोवर दुसऱ्या घरी कोंबडी बसली होती. ती उठली तोवर तिसऱ्या. तेव्हापासून सावरखिंडीत कुठं ना कुठं एक कोंबडी बसलेलीच असते, असं म्हणतात. ठकूआत्यासाठी रडायचं अजून राहिलं आहे.