येतो म्हणा

रखमाजी शेलारांचा सामानाने भरलेला टेम्पो सकाळपासून दाभाडकरसाहेबांच्या फाटकाशी उभा होता. खरेदीखत झालं होतं, आज घराच्या किल्ल्या मिळायच्या होत्या. माघारी फिरायची सोय नव्हती, कारण रखमाजींच्या जुन्या घरात कोष्टीबाईंनी चूलसुद्धा मांडली होती आणि कोष्टीबाईंच्या घरात तिसरंच बिऱ्हाड उतरलं होतं.

साहेबांचं सामान कालच नव्या फ्लॅटवर गेलेलं. तरी हे निवृत्त मामलेदार झोपाळ्यावरून हलेनात.

“ज्योतिषीबुवांनी बजावलंय, पंधरा दिवस घर सोडून जायचं नाही. गेलो तर अनिष्ट!”

टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न वाजवू लागला. रखमाजी मात्र सावकाश पायरीवर टेकले.

“बुवांचा शब्द मोडू नये, साहेब. तुम्ही मुळीच जाऊ नका.”

“आता कसं शहाण्यासारखं बोललात!”

“पण आपल्यात घरातून निघताना ‘जातो’ म्हणतं का कुणी? तुम्ही ‘येतो’ म्हणा आणि निघा. येण्याला बुवांची कुठं मनाई आहे?”

आतून बाईसाहेब खो खो हसत किल्ल्या घेऊनच बाहेर आल्या. “अहो, म्हणा की!”

साहेबांनी काठी उचलली, घसा खाकरला. “बरं तर... येतो.”

“या हं,” रखमाजींनी हात जोडले, “पण पंधरा दिवस झाल्यावर!”